चौतीसची कंबर

आमच्या ह्यांची कंबर चौतीस. लग्नात चौतीस होती, प्रांजल झाली तेव्हा चौतीस होती आणि साठीला आठ महिने उरले तरी चौतीसच. हे मी नाही म्हणत, ते स्वतः म्हणायचे. भावकीत कुठलंही लग्न असो, जेवायला बसण्याआधी पट्ट्यात अंगठे खुपसून उभे राहायचे. कोणी पोटाकडे बघितलं की सांगायचे, "पोट वायच सुटलाहा, पण कंबर बघ. चौतीस. लिवलेला आसा." आणि भर मांडवात पॅन्टचा पट्टा उलटा करून आतलं लेबल दाखवायचे. लेबलवर चौतीस लिहिलेलं असायचं हे खरं. ते लेबल मी शिवलेलं असायचं, हेही खरं.

मी विमल. मुंबईत असल्फ्याला आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली माझा अल्टरेशनचा गाळा आहे. गाळा म्हणजे काय, एक मशीन, एक स्टूल आणि मी. जीन्सची उंची कमी करायची, चेन बदलायची, ब्लाउज सैल करायचे, आणि जून जवळ आला की शाळांचे युनिफॉर्म. चोवीस वर्षं लोकांची मापं घेतेय. माणूस तोंडाने काय वाटेल ते सांगो, टेप लावली की खरं काय ते कळतं. बायका तर टेप लावली की श्वास आत ओढतात. मी म्हणते, सोड गं श्वास, ब्लाउज तुलाच घालायचाय.

ह्यांचं नाव नंदकुमार. गेल्या काही दिवसांत हॉस्पिटलच्या इतक्या कागदांवर लिहून झालंय की नाव घ्यायची लाज उरली नाही. साकीनाक्याला पितळेचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे हे माल तपासतात. दिवसभर हातात बारीक माप घ्यायचं व्हर्नियर. केसाएवढा फरक निघाला तरी अख्खी पेटी परत. मालक ओरडतो, कामगार शिव्या देतात, हे ढिम्म हलत नाहीत. "माप म्हणजे माप," एवढंच. घरातही तेच. कॅलेंडर तिरकं लागलं तर जेवण सोडून उठतील. आणि असा माणूस स्वतःच्या कमरेच्या बाबतीत माझ्या शब्दावर विसंबून होता.

बारा वर्षांपूर्वी ह्यांची विक्रोळीची कंपनी बंद पडली. आठ महिने घरी होते. घरी बसलेला पुरुष काय करतो? खातो, झोपतो, टीव्हीवर चिडतो. मग साकीनाक्याच्या ह्या कारखान्यातून बोलावणं आलं. सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून हे पॅन्ट चढवायला गेले आणि हुक लागेना. दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा नुसतेच उभे राहिले. त्या वेळचा ह्यांचा चेहरा मला अजून दिसतो. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी मागायला निघालेला माणूस, आणि त्याला स्वतःची पॅन्टसुद्धा नको म्हणतेय.

मी म्हटलं, "धुऊन आटली असेल. द्या इकडे."

दहा मिनिटांचं काम. पॅन्टच्या मागच्या शिवणीत आम्ही शिंपी लोक कापड राखून ठेवतो, पुढे माणूस सुटला तर असावं म्हणून. मी शिवण उसवली, इंचभर सोडलं, इस्त्री फिरवली. हुक लागला. हे खूश होऊन गेले आणि नोकरी घेऊन आले. मला वाटलं, काय बिघडलं?

मग ते चालूच राहिलं. वर्षाला पाव इंच, कधी अर्धा. हे कामावर गेले की मी पॅन्टी खाली गाळ्यात न्यायची आणि संध्याकाळच्या आत परत जागेवर लावून ठेवायची. राखलेलं कापड संपलं तेव्हा नव्या पॅन्टी शिवल्या, आणि जुन्या पॅन्टचं चौतीसचं लेबल उसवून नवीच्या पट्ट्यात बसवलं. हे पॅन्ट पोटाच्या खाली घालायचे, त्यामुळे पॅन्ट एकोणचाळीसवरच थांबली होती. पण शर्ट शिवायला पोटाचं माप घ्यावंच लागतं. दर दिवाळीला मी ते घ्यायची. "किती?" हे विचारायचे. "तेवढंच," मी म्हणायची. बेंबीवरून फिरवलेली टेप गेल्या दिवाळीला त्रेचाळीस सांगत होती.

तुम्ही म्हणाल, ह्यांना डोळे नव्हते का? होते की! पोट दिसतच होतं. पण हात-पाय काटकुळे, वजन एकाहत्तर, आणि पोट टणक. ढोलकीसारखं वाजवून दाखवायचे. "चरबी लोंबता. ह्या बघ कसा घट्ट आसा. ह्या वायू." आणि मीही हसायची. माणसाला पटवून घ्यायचंच असेल तर ढोलकीही पुरते.

एप्रिलमध्ये कारखान्यात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. शंभर माणसं एका रांगेत. रक्त घेतलं, बीपी बघितलं, वजन केलं. कमरेचा रकाना आला तेव्हा लिहिणाऱ्या मुलीने टेप शोधायचाही त्रास घेतला नाही. "काका, पॅन्टची साइज?" ह्यांनी छाती काढून सांगितलं, "चौतीस. लिव."

आठवड्याने रिपोर्ट आला. आमची प्रांजल अंधेरीला एका विम्याच्या ऑफिसात हॉस्पिटलचे क्लेम तपासते, त्यामुळे घरातले सगळे वैद्यकीय कागद तिच्याकडे. मी कणीक मळत होते, हे टीव्हीसमोर, आणि ती टेबलावर रिपोर्ट पसरून बसलेली.

"बाबा, बीपी एकशे अडतीस-अठ्ठ्याऐंशी. जास्त आहे. ट्रायग्लिसराइड दोनशे दहा, तेही जास्त. साखर काठावर आहे, पण आत. चांगलं कोलेस्टेरॉल ठीक."

"म्हणजे पास."

"पास काय रे बाबा. ऐक ना. पाच गोष्टी असतात. ह्या चार आणि पाचवी कंबर. पाचपैकी तीन बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. आमच्याकडे स्ट्रोकचे क्लेम येतात ना, अर्ध्या फायलींत आधीपासून हेच लिहिलेलं असतं. तुझ्या दोन बिघडल्यात."

"आणि कंबर?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"पुरुषाला नव्वद सेंटीमीटर. म्हणजे साडेपस्तीस इंच. बाबाची चौतीस. वाचला."

माझे हात कणकेत तसेच राहिले. "आणि तिसरी निघाली असती तर?"

"तर डॉक्टर सोडत नाहीत, आई. बीपीच्या गोळ्या, रोजचं चालणं, खाण्याचा तक्ता, दर महिन्याला तपासणी. ती पोटातली चरबी कातडीखालची नसते गं, चिमटीत येणारी. ती आत लिव्हरला, आतड्यांना लपेटून बसते. आणि नुसती बसत नाही, रक्तात नको ते सोडत राहते. बीपी वाढतं, साखर वाढते, रक्तवाहिन्या कडक होतात. मग एक दिवस हार्ट, नाहीतर मेंदू."

हे टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "चौतीस आसा म्हणून सांगतंय ना. जेवूक वाढ."

मी जेवायला वाढलं.

डॉक्टरकडेही गेलो, नाही असं नाही. घाटकोपरला एक दवाखाना आहे, संध्याकाळी नंबर लावून बसावं लागतं. डॉक्टरांनी बीपी बघितलं, रिपोर्टवर बोट फिरवलं. "सगळं काठावर आहे. वजन ठीक, कंबर ठीक. गोळ्या आत्ताच नकोत. मीठ कमी करा, चाला, तीन महिन्यांनी या." हे टेबलापलीकडे बसलेले, शर्ट बाहेर काढलेला. शर्ट मीच शिवला होता. पोट दिसू नये असा शर्ट शिवायला अक्कल लागते, आणि ती मला आहे. मी बाजूच्या खुर्चीवर बसून होते. चार शब्द बोलायचे होते: डॉक्टर, कंबर चौतीस नाही. बाहेर पंधरा माणसं खोळंबली होती, हे माझ्या शेजारी होते, आणि मी पर्सची चेन उघडत होते, लावत होते. पुढचा नंबर पुकारला तशी उठले.

तिथून सहा आठवडे मला चैन नव्हती. मशीनवर बसलं तर पाय चालायचा पण डोकं दुसरीकडे. एका मुलीच्या फ्रॉकला बाही उलटी लावली, चोवीस वर्षांत पहिल्यांदा. ह्यांचं पोट दिसलं की वाटायचं आत काहीतरी शिजतंय आणि झाकण मी धरून ठेवलंय. झोपले की मी ह्यांचा श्वास ऐकत पडायची. भातावरचं तूप बंद केलं, हे भडकले. संध्याकाळी म्हटलं, चला, मेट्रो स्टेशनपर्यंत चालून येऊ. "कित्याक? रिपोर्ट बरो आसा." लोणचं लपवलं तर शेजारून मागून आणलं. रिपोर्ट बरा असलेल्या माणसाला कोण काय सांगणार? आणि रिपोर्ट बरा कोणामुळे होता?

एकदा मी टेप गळ्यात घालून ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ठरवून. आज माप घेऊन तोंडावर सांगायचं. तेवढ्यात हेच म्हणाले, "मालक म्हणता, साठीनंतर आणखी दोन वर्षां रव. नंदकुमारसारखी नजर दुसऱ्याक नाय." डोळे चमकत होते. मी टेप काढून ठेवली.

खरं सांगते, ह्यांचं मन मोडेल म्हणून मी गप्प राहिले असं मी स्वतःला सांगायची. ते अर्धंच खरं. मला माझी भीती होती. ज्या माणसाने बारा वर्षं माझ्या टेपवर विश्वास ठेवला, त्याला कळणार होतं की त्याच्या घरातलंच माप खोटं होतं. केसाएवढ्या फरकाला पेटी परत करणारा माणूस. मला काय करील? बोलायचंच बंद करील, असं वाटायचं. ह्यांचा राग मी सोसला असता. ह्यांचं गप्प बसणं मला सोसलं नसतं.

मग तो रविवार आला. मेचा शेवट. आदल्या दिवशी मी बारा युनिफॉर्म शिवले होते आणि पाठ नुसती ठणकत होती. सकाळी पावणेसहाला हे कूस बदलत म्हणाले, "विमल, हाताक मुंग्या इल्यात."

"हातावर झोपला असाल. झटका जरा," मी म्हटलं आणि परत डोळा लागला.

पावणेआठला उठून बघते तर हे आरशासमोर. रविवारी मासे आणायला हेच जातात, दुसऱ्या कोणाला कोळणीशी नीट भांडता येत नाही असं ह्यांचं मत. माझ्याकडे पाठ होती. पॅन्ट चढवलेली आणि हुक लागत नव्हता. ओढत होते, सुटत होता. परत ओढत होते. ओढताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते.

आणि मला काय वाटलं? मला वाटलं, परत अर्धा इंच गेला.

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हातातलं बळ गेलं होतं आणि मला पॅन्ट घट्ट झालेली दिसली. बारा वर्षं मी त्या हुकाकडे एकाच नजरेने बघत आले होते, दुसरं काही सुचलंच नाही.

"ती ठेवा हो, चुरगळलीय," मी म्हटलं, "दोन मिनिटं द्या, इस्त्री मारून आणते." हे पलंगावर बसले. पॅन्ट काढायला मी मदत केली, तेव्हाही मला कळलं नाही, कारण माझं सगळं लक्ष मागच्या शिवणीत किती कापड उरलंय त्याच्यावर. पॅन्ट काखेत मारून जिना उतरले, गाळा उघडला, शिवण उसवली. कापड थोडंसंच होतं. जोड द्यावा लागला. त्याच रंगाचा तुकडा शोधला. शोधला! चिंध्यांच्या पिशवीत हात घालून मी दहा मिनिटं रंग जुळवत बसले होते. मग शिवलं, इस्त्री फिरवली, जिना चढून वर आले.

"घ्या."

पॅन्ट चढवून दिली. आता ती चांगली इंचभर सैल होती, सोडली तर खाली आली असती. हे डाव्या हाताने पट्टा धरून उभे राहिले आणि उजवा हात हुकाकडे नेला. हात पोहोचला आणि तसाच खाली पडला. परत उचलला, परत पडला.

मी ह्यांच्या समोर आले. उजवा गाल उतरला होता. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेची बारीक रेघ. "बघ ना," हे म्हणाले, पण शब्द जिभेला चिकटून आले, "लागत नाय."

मी किंचाळले तशी प्रांजल आतल्या खोलीतून उठून धावत आली. तिने एकदा बाबाकडे बघितलं. "बाबा, हस. दोन्ही हात वर कर." हे अर्ध्या तोंडाने हसले. एकच हात वर गेला. "आई, स्ट्रोक आहे. रिक्षा आण, अॅम्ब्युलन्सची वाट बघायची नाही."

शेजाऱ्यांनी खुर्चीतून खाली उतरवलं. रिक्षात हे आमच्या दोघींच्या मध्ये, आणि ती सैल पॅन्ट मी सगळा रस्ता मुठीत धरून बसले होते. प्रांजल फोनवर हॉस्पिटलला सांगत होती, मला विचारत होती, "कधीपासून?" मी म्हटलं, "पावणेआठला हुक लागत नव्हता." तिने तेच पुढे सांगितलं.

हॉस्पिटलात स्ट्रेचर तयार होतं. ऋता नावाची एक तरुण डॉक्टर होती, प्रांजलच्याच वयाची असेल. हात-पाय उचलायला लावले, बोलायला लावलं, बीपी बघितलं. वरचा आकडा दोनशेला टेकला होता. मग ती आमच्याकडे वळली.

"नीट विचार करून सांगा. शेवटचे अगदी ठीक कधी होते? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. वेळ चुकीची सांगितलीत तर त्याच इंजेक्शनाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अंदाज नको."

"पावणेआठ," प्रांजल म्हणाली. "आता नऊला पाच कमी आहेत. भरपूर वेळ आहे, डॉक्टर."

नर्सने लिहिलं. पावणेआठ. माझ्या डोळ्यासमोर लिहिलं. गप्प राहिले असते तर इंजेक्शन मिळणार होतं, ह्यांचा हात परत येणार होता, असं मला त्या क्षणी वाटत होतं. गप्प राहायची सवय मला होतीच. पण मी त्या नर्सचा हातच धरला.

"नाही. पावणेसहा. पावणेसहाला म्हणाले होते हाताला मुंग्या आल्यात म्हणून. मी म्हटलं, हातावर झोपला असाल."

"आई!" प्रांजल ओरडली. "तेव्हा का नाही उठवलंस मला?"

डॉक्टरने घड्याळाकडे बघितलं. "पावणेसहा. सव्वादहापर्यंत वेळ आहे. सीटी लगेच घेऊ. चला."

स्ट्रेचर हललं आणि ह्यांनी डावा हात वर केला. थांबा, म्हणून. कारखान्यात पेटी अडवताना करत असतील तसाच. सगळे थांबले.

"चार," हे म्हणाले. शब्द फुटत नव्हता, पण चार बोटं समोर होती. "चार वाजता... उठलंय मुतूक. कडी... कडी निघा नाय. उजव्यान. डाव्यान काढलंय."

"चारला जाग आली तेव्हाच हात जड होता?" डॉक्टरने वाकून विचारलं. ह्यांनी मान हलवली.

"म्हणजे झोपेतच झालंय. शेवटचे ठीक म्हणजे काल झोपायला गेलात तेव्हा." तिचा आवाज बदलला. "मग असं थेट इंजेक्शन नाही देता येणार. आधी एमआरआय. त्यात मेंदूचा भाग अजून वाचण्यासारखा दिसला तर बघू."

मी स्ट्रेचरच्या कडेला धरून चालत होते आणि भांडत होते. हो, भांडत होते. नर्सेस बघत होत्या, बघू देत. "चार वाजता? चार वाजता हात गेला आणि तुम्ही परत झोपलात? मी काय मेले होते शेजारी?"

"तू दमलेली," हे म्हणाले. "बारा युनिफॉर्म. कित्याक उठवू?"

मग दार बंद झालं.

त्या बाकावर मी एक मिनिट स्वस्थ बसले नाही. उठत होते, पाण्याच्या कूलरपर्यंत जात होते, परत येत होते. प्रांजल भिंतीला टेकून उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती. मी तिला सांगून टाकलं. तिथेच, उभ्या उभ्या. लेबल, शिवण, एप्रिलचा रिपोर्ट, आज गाळ्यात घालवलेली पंचवीस मिनिटं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिसरी होती म्हणजे. आई, तिसरी होती." आणि तोंड झाकून खाली बसली. मला काही म्हणाली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तरी चाललं असतं.

साडेदहाला डॉक्टर आली. इंजेक्शनाची वेळ निघून गेली होती. मेंदूचा जेवढा भाग मरायचा तेवढा एमआरआयमध्ये मेलेला दिसत होता, अर्थात तिने नीट शब्दांत सांगितलं. जिवाला धोका आता दिसत नाही. मोठी शीर बंद नाही, छोटी आहे. बोलणं सुधारेल. हाताचं आत्ता सांगता येत नाही, व्यायामाने थोडा येईल, पण बारीक काम पूर्वीसारखं जमेल याची खात्री नाही.

बारीक काम. ह्यांचं दुसरं काम काय होतं?

"आणि ह्यांचं पोट," ती म्हणाली, "इतकं टणक कधीपासून आहे? आतल्या चरबीचं असतं असं. तुमच्या मुलीने दाखवलेल्या एप्रिलच्या रिपोर्टमध्ये कंबर चौतीस कशी काय लिहिलीय?"

"आधी ह्यांच्याशी बोलते," मी म्हटलं. "मग तुम्हाला सांगते."

आत पलंगावर हे पडून होते. नळ्या लावलेल्या, उजवा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मी डाव्या बाजूला गेले. बसले नाही. बसले असते तर परत पर्सच्या चेनशी खेळत राहिले असते.

"ऐका. मध्ये बोलू नका. तुमची कंबर चौतीस नाही. विक्रोळीची कंपनी सुटली तेव्हापासून नाही. मी शिवणी सोडत आले. लेबलं मी लावली. रिपोर्टमधला आकडा खोटा आहे, मला माहीत होतं, आणि डॉक्टरसमोर मी गप्प बसले. आज सकाळीसुद्धा मला वाटलं पॅन्टच घट्ट झाली. मी ती उसवत बसले होते. तुम्ही इथे असे झालेले आणि मी खाली पॅन्ट उसवत बसले होते."

बोलून झालं. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. आता तोंड फिरवतील. आता डोळे मिटतील आणि परत माझ्याशी बोलणार नाहीत.

ह्यांनी डोळे मिटले नाहीत. माल तपासताना बघतात तसं बघत होते.

"खरा किती?"

"त्रेचाळीस. बेंबीवरून."

ह्यांची डाव्या हाताची बोटं चादरीवर हलली. मोजत होते बहुतेक.

"चाळीस... कधी झाला?"

"सात वर्षं झाली."

ह्यांनी मान हलवली. पेटीवर शेरा मारायच्या आधी हलवत असतील तशी. बारा वर्षं मी ज्याला घाबरून राहिले ते एवढंच होतं. दोन प्रश्न, दोन उत्तरं. चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

"तेव्हाच सांगूचा होता गो," हे म्हणाले. एकेक शब्द उचलून ठेवत होते. "चालूक लागलो असतो."

आवाजात राग शोधला मी. नव्हता. ओरडले असते तर मीही ओरडले असते, आमचं नेहमीचं झालं असतं. ह्यांनी डावा हात पुढे केला आणि माझा पदर चिमटीत धरला, आणि मी तिथे उभी राहून रडले, सगळ्या वॉर्डासमोर.